काच किती काळी चालते? गाडीच्या काचांचे कायदे नेमकं काय मोजतात

फिल्मच्या रोलवर ७० टक्के छापलेलं असतं, कायद्यातही ७० टक्केच लिहिलेलं असतं, आणि तरीही मीटर लावला की गाडी नापास होते. काळ्या काचांवरून होणाऱ्या वादावादीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. विक्रेत्याने खोटं सांगितलेलं नसतं आणि पोलिसानेही आकडा फुगवलेला नसतो. विक्रेता फक्त फिल्मचा आकडा सांगत असतो आणि कायदा फिल्मसकट काचेचा आकडा विचारत असतो.

हा आकडा म्हणजे व्हीएलटी, अर्थात 'व्हिजिबल लाइट ट्रान्समिशन'. काचेवर जेवढा दृश्य प्रकाश पडतो, त्यातला किती टक्के पलीकडे पोचतो, याचं हे माप. आकडा मोठा तितकी काच नितळ, लहान तितकी काळी. पाच टक्क्यांची फिल्म जवळजवळ काळीकुट्ट असते. नव्वदची लावली आहे हे डोळ्यांना कळतही नाही. काही देशांत उलट बाजूने, म्हणजे किती टक्के अंधार, असंही बोललं जातं. संयुक्त अरब अमिरातीत '५० टक्के टिंट' चालते म्हणतात, ते या पद्धतीचं. त्यामुळे कोणी नुसता '३० टक्के' म्हणाला तर प्रकाश तीस की अंधार तीस, हे आधी विचारून घ्यावं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता गंमत अशी की, फिल्म नसलेली कोरी काचही शंभर टक्के प्रकाश आत सोडत नाही. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठेक टक्के तिथेच गेले. शिवाय गाड्यांच्या काचेत मुळातच थोडा रंग असतो. दाराची काच अर्धी खाली करून तिच्या वरच्या कडेकडे पाहा, हिरवट झाक दिसेल. उष्णता थोडी कमी व्हावी म्हणून कारखान्यातच दिलेली ती असते. या सगळ्यामुळे बहुतेक गाड्यांच्या 'साध्या' काचेची व्हीएलटी सत्तर ते ऐंशीच्या आसपास असते.

त्यावर फिल्म चढवली की आकड्यांचा गुणाकार होतो. समजा, काच ७८ टक्क्यांची आणि फिल्म ७० टक्क्यांची. काचेने ७८ टक्के आत सोडला, त्या ७८मधला ७० टक्के फिल्मने सोडला. ०.७८ गुणिले ०.७०, म्हणजे साधारण ५४.६ टक्के. सत्तरची फिल्म लावणाऱ्याच्या गाडीची काच पंचावन्नच्याही खाली गेली. आणि काच मुळातच ७१-७२ टक्क्यांची असेल, तर नव्वद टक्क्यांची पारदर्शक फिल्मसुद्धा तिला सत्तरच्या मर्यादेखाली ढकलते. एवढा गुणाकार दुकानात जाण्याआधी केला तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

मोजणी कशी करतात?

व्हीएलटी मीटर हे साधं उपकरण आहे. त्याचा एक भाग काचेच्या एका बाजूला धरायचा, दुसरा दुसऱ्या बाजूला. एकातून प्रकाश निघतो, दुसरा तो मोजतो. दाराच्या काचेसाठी चिमट्यासारखा एकसंध मीटरही मिळतो. काच थोडी खाली करून तो वरच्या कडेवर सरकवला की झालं. पुढच्या आणि मागच्या काचेसाठी मात्र दोन वेगळे भाग लागतात, कारण त्या काचा खाली करता येत नाहीत.

यातही एक खुबी आहे. मानवी डोळा सगळ्या रंगांना सारखाच संवेदनशील नसतो. भर उजेडात त्याला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची, म्हणजे सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची जाणीव सर्वांत जास्त होते. प्रयोगशाळेतली प्रमाणित मोजणी डोळ्याचा हा कल धरूनच होते. म्हणून 'व्हिजिबल' हा शब्द त्या नावात आहे. अवरक्त किंवा अतिनील किरण किती अडले, याच्याशी या आकड्याला काही देणं-घेणं नाही. हा मुद्दा उन्हाच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

मोजण्याआधी काच पुसलेली हवी, आणि सोबतच्या प्रमाणित तुकड्यावर मीटर तपासलेला हवा. धुळीने माखलेल्या काचेवरचा आकडा कोणी ग्राह्य धरत असेल तर हरकत घेण्याचा तुम्हाला पुरेपूर अधिकार आहे.

कायद्याला काचेतून काय दिसायला हवं आहे?

दोन गोष्टी, आणि त्या दोन वेगळ्या दिशांच्या आहेत. चालकाला बाहेरचं दिसलं पाहिजे, ही पहिली. बाहेरच्यांना आतलं दिसलं पाहिजे, ही दुसरी. कुठल्याही देशाचा नियम वाचताना यातल्या कुठल्या काळजीतून तो आला आहे हे ओळखता आलं, तर त्याचे विचित्र वाटणारे तपशीलही समजू लागतात.

पहिली काळजी घ्या. दिवसा भर उन्हात काळी काच डोळ्यांना सुखावते, आणि तेवढ्यावरूनच लोक मत बनवतात. परीक्षा असते ती संध्याकाळच्या संधिप्रकाशात, पावसात, आणि दिवे नसलेल्या रस्त्यावर. तिथे गडद कपडे घातलेला पादचारी आणि मागचा काळा रस्ता यांतला फरक आधीच थोडका असतो. काचेने अर्धा प्रकाश खाल्ला की चालकाच्या डोळ्यांना तो फरक उशिरा कळतो. रात्री गॉगल लावून गाडी चालवण्यासारखंच ते आहे. फरक इतकाच की गॉगल काढून ठेवता येतो. त्यात वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते आणि डोळ्याचं भिंग पिवळसर होतं. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. वीस वर्षांच्या मुलाला 'नीट दिसतंय की' वाटणारी काच त्याच गाडीत बसलेल्या त्याच्या आजोबांसाठी धोक्याची असू शकते.

पुढच्या काचेचं समजतं. पण पुढच्या दोन दारांच्या काचांबाबतही बहुतेक देश इतके कडक का? चालकाच्या जागी बसून पाहा. बाजूचे दोन्ही आरसे तुम्ही कशातून पाहता? दाराच्या काचेतूनच. डावीकडे वळताना येणारा सायकलस्वार, उजवीकडून ओव्हरटेक करणारी मोटरसायकल, चौकात आडवी येणारी गाडी, सगळं त्याच काचेतून दिसतं. काळी फिल्म लावलेले लोक रात्री गाडी मागे घेताना काच खाली करून मान बाहेर काढतात, ते उगाच नाही.

मागच्या काचांचं गणित वेगळं आहे. मालवाहू व्हॅनला मागे काच नसतेच आणि तरीही ती रस्त्यावर चालते, कारण दोन्ही बाजूंचे आरसे ते काम करतात. म्हणून अनेक देशांनी मागच्या काचांना मोकळीक दिली आहे.

दुसरी काळजी, बाहेरून आत दिसण्याची. इथे पोलिसांचा विचार सर्वांना आधी सुचतो: नाक्यावर थांबवलेल्या गाडीत किती माणसं आहेत, कोणाच्या हातात काय आहे, हे त्यांना दिसायला हवं असतं. पण रोजच्या रहदारीत याहून साधी गरज आहे. रस्ता ओलांडणारा माणूस गाडीकडे पाहतो तेव्हा तो चालकाचा चेहरा शोधत असतो. नजरानजर झाली, चालकाने मान हलवली, की तो पाऊल पुढे टाकतो. काचेमागे नुसता काळोख असेल तर चालकाने आपल्याला पाहिलंय की तो फोनमध्ये आहे, कसं कळणार? मागून येणारा चालकही पुढच्या गाडीच्या आरपार पाहून तिच्याही पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे टिपत असतो. आणि अपघात झाला किंवा बंद गाडीत मूल अडकलं, तर आत कोण आहे हे बाहेरून दिसलं पाहिजे.

एकच गाडी, सगळीकडे फिरवून पाहू

नियमांची यादी वाचून काही हाती लागत नाही, म्हणून एक कल्पित गाडी घेऊ. काच ७८ टक्क्यांची, चारही दारांवर ५० टक्क्यांची फिल्म. गुणाकार केला की ३९ टक्के. पुढची काच कोरी ठेवली आहे.

ही गाडी ब्रिटनमध्ये नेली तर पुढच्या दारांवर अडकेल. तिथे १ एप्रिल १९८५ पासून पुढे वापरात आलेल्या गाड्यांना पुढची काच किमान ७५ टक्के आणि पुढच्या दारांच्या काचा किमान ७० टक्के लागतात. मागच्या दारांना आणि मागच्या काचेला मात्र काहीच मर्यादा नाही. तिथे पाच टक्क्यांची फिल्म लावली तरी कायदा काही बोलत नाही. पहिली काळजी पूर्णपणे जपायची आणि दुसरीला मागच्या सीटवर सोडून द्यायचं, असा हा सरळ हिशेब. फ्रान्सने तर १ जानेवारी २०१७ पासून पुढच्या काचांवर ७० टक्क्यांची सक्ती केली, आणि ती मोडली तर १३५ युरो दंड आणि परवान्यावरचे तीन गुण कापले जातात. गुण जाणं तिथे पैशांपेक्षा जास्त झोंबतं.

ऑस्ट्रेलियात हीच गाडी सुटेल, कारण तिथल्या बहुतेक भागांत पुढच्या दारांना ३५ टक्के चालतात. न्यूझीलंडमध्येही साधारण तेच. सिंगापूरमध्ये पुढच्या दारांवर नापास, कारण तिथे सत्तर हवेत. मागच्या दारांवर पास, कारण तिथे पंचवीस पुरतात. दक्षिण कोरियात चालकाच्या बाजूच्या काचांना ४० टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्या गाडीची काच ३९ची. एका टक्क्याने गेली!

अमेरिकेत तर राज्य बदललं की निकाल बदलतो. केंद्रीय सुरक्षा मानक गाडी बनवणाऱ्यांना लागू आहे आणि चालकाला पाहण्यासाठी आवश्यक असलेल्या काचांना ते ७० टक्के मागतं. मालकाने नंतर काय चिकटवायचं, हे राज्य ठरवतं. टेक्सासमध्ये पुढच्या दारांना २५ टक्के, फ्लोरिडात २८. दोन्हीकडे आपली गाडी आरामात पास. कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये सत्तर, म्हणजे नापास. ज्या राज्यांत ऊन जास्त तिथे सवलत जास्त, असं ढोबळमानाने म्हणावंसं वाटतं. पण कॅलिफोर्नियात ऊन कमी आहे असं कोण म्हणेल? म्हणजे सूर्याखेरीज इतरही गोष्टी यात काम करतात.

त्यातली एक गोष्ट अमेरिकेत बरीच वादाची ठरली आहे. वाहतुकीचा कुठलाही छोटा नियम मोडला असेल तर त्या कारणाने गाडी थांबवणं वैध, पोलिसांच्या मनात खरा हेतू दुसरा असला तरी, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली व्हरेन खटल्यात ठरवलं. काळी काच लांबूनच दिसते. त्यामुळे कोणाची तरी झडती घ्यायची असेल तर ती फार सोयीची सबब ठरते, आणि हा जाच कृष्णवर्णीय चालकांच्या वाट्याला जास्त येतो, ही तक्रार वर्षानुवर्षं होत आली आहे. व्हर्जिनिया राज्याने २०२१पासून निव्वळ काळ्या काचेसाठी गाडी थांबवायला पोलिसांना मनाई केली. दुसऱ्या कारणाने थांबवली असेल तरच तो दंड लागतो. काचेतून आत पाहता यावं म्हणून केलेला नियम माणसं निवडून थांबवायला वापरला गेला तर काय, हा प्रश्न मला तरी टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

भारतात आकडा आणि फिल्म हे दोन वेगळे प्रश्न झाले

आपली ३९ टक्क्यांची गाडी भारतात आणली तर ती दोनदा नापास होते. एकदा आकड्यावर आणि एकदा फिल्म आहे या कारणावरच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला नियम १०० सांगतो की पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के प्रकाश सोडणारी हवी आणि बाजूच्या काचा किमान ५० टक्के. काचा अशा असाव्यात आणि त्याच स्थितीत राखल्या जाव्यात, असं त्यात आहे. ब्रिटनशी ताडून पाहिलं तर गंमत दिसते. तिथे मागची काच मोकळी, इथे ती पुढच्या काचेइतकीच कडक. तिथे पुढच्या आणि मागच्या दारांत मोठा फरक, इथे चारही दारं एकाच मापाची.

बरीच वर्षं याचा अर्थ लोक असा लावायचे की एवढा प्रकाश सोडणारी फिल्म लावली तर चालते. २०११ साली अविशेक गोएंका यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. काळ्या काचांच्या गाड्यांचा वापर अपहरण, लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांत होतो, बाहेरून काही दिसत नसल्याने गुन्हेगार सुटतात, हा तिचा रोख. म्हणजे इथे मुद्दा दुसऱ्या काळजीचा होता, बाहेरून आत दिसण्याचा. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्या. ए. के. पटनाईक आणि न्या. स्वतंत्र कुमार यांच्या पीठाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला: नियमातले आकडे कारखान्यातून येणाऱ्या काचेसाठी आहेत, मालकाने नंतर तिच्यावर काही चिकटवण्याची मुभा त्यात कुठेही नाही. त्यामुळे कितीही टक्क्यांची काळी फिल्म किंवा अन्य कुठलंही साहित्य काचांवर लावता येणार नाही. ४ मे २०१२पासून हे देशभर लागू झालं.

फिल्म बनवणारे आणि विकणारे साहजिकच न्यायालयात परत गेले. आमची फिल्म मर्यादेत बसते, मग तिच्यावर बंदी का, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑगस्ट २०१२मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं आणि आधीचाच निकाल कायम ठेवला. सूट मिळाली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांच्या अधिकृत गाड्यांपुरती, तीही पोलीस महासंचालक किंवा आयुक्त आणि गृहसचिव यांच्या समितीने प्रत्येक प्रकरण तपासून दिली तर. 'वरून ओळख आहे' म्हणून काळ्या काचा मिरवणाऱ्या गाड्यांना या सुटीत जागा नाही, हे वेगळं सांगायला नको.

या निकालाचा व्यवहारातला फायदा उघड आहे. टक्के तपासायचे तर प्रत्येक नाक्यावर मीटर हवा; फिल्म आहे की नाही हे तपासायला काचेच्या कडेवरून नख फिरवलं तरी पुरतं. पण त्यात एक विसंगतीही शिरली. कारखान्यातून आलेली, आतपर्यंत रंगवलेली ५२ टक्क्यांची काच कायदेशीर, आणि तिच्याहून कितीतरी नितळ दिसणाऱ्या काचेवर उष्णता अडवणारी पारदर्शक फिल्म लावली की बेकायदा. निकालाला अंधाराला आळा घालायचा होता. त्याच्या जाळ्यात पारदर्शक फिल्मही सापडली.

या विसंगतीला वाट फुटली ती नियमातल्या बदलातून. १ एप्रिल २०२१पासून नियम १०० मध्ये सुरक्षा काचेच्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, आणि त्यासाठी भारतीय मानक आयएस २५५३ भाग २ याची २०१९ची सुधारित आवृत्ती लागू झाली. आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काच या मानकात बसते. सप्टेंबर २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्या. एन. नागरेश यांच्यासमोर हा प्रश्न आला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुन्या नियमाच्या आधारे होता. बदललेल्या नियमानुसार मानकात बसणारं आणि ७० व ५० टक्क्यांच्या मर्यादा पाळणारं साहित्य लावलं असेल तर दंड करता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला.

हा निर्णय कळताच 'आता फिल्म चालते' अशा जाहिराती फिरू लागल्या. त्यावर विसंबण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. एका राज्याच्या उच्च न्यायालयाचा निर्णय दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांवर आपोआप बंधनकारक होत नाही, आणि २०१२चा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे. दुसरं म्हणजे, केरळच्या निर्णयातही मर्यादा तशाच आहेत. पुढची काच आधीच बहात्तरच्या आसपास असेल तर तिच्यावर मर्यादेत राहणारी फिल्म गणितातच बसत नाही. बाजूच्या काचांना ७८ टक्क्यांवर ६५ची फिल्म लावली तर ५०.७ उरतात. यापेक्षा गडद लावायला केरळातही परवानगी नाही.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं सर्वसाधारण कलम १७७ लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत. पण पावती फाडून विषय संपत नाही. २०१२च्या निकालानुसार फिल्म काढून टाकायचीही असते, आणि अनेकदा ती तिथेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून सोलली जाते.

उन्हाचं काय?

फिल्म लावणाऱ्याला खरं तर काळोख नको असतो, थंडावा हवा असतो. आणि इथेच व्हीएलटीचा आकडा दिशाभूल करतो. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतली साधारण निम्मी अवरक्त किरणांतून येते, जे डोळ्यांना दिसतच नाहीत. दृश्य प्रकाशाचा वाटा त्याहून थोडा कमी, आणि अतिनील किरणांचा पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे काच न काळवंडता बरीच उष्णता अडवता येते, फक्त अवरक्त किरण अडवणारं साहित्य हवं. सिरॅमिक फिल्म किंवा कारखान्यातच लेप दिलेली काच हेच करते.

उलट, स्वस्तातली रंगवलेली काळी फिल्म ऊन शोषून घेते आणि स्वतः तापते. त्या उष्णतेतला काही भाग ती बाहेर टाकते, काही गाडीत. दिसायला गडद म्हणून थंड, असं गणित नाही. फिल्मच्या माहितीपत्रकात 'एकूण सौर ऊर्जा अडवण्याचं प्रमाण' असा आकडा असतो. थंडाव्यासाठी तो बघायचा. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता छान अडवते, पण रेडिओ लहरीही अडवते. जीपीएस भरकटणं किंवा टोलनाक्यावर टॅग न वाचला जाणं, यामागे कधीकधी तीच असते.

त्वचेची काळजी असेल तर हेही पाहा: पुढची काच दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर दाबून केलेली असते आणि तो थर अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. दारांच्या काचा साधारणपणे एकेरी, कडक केलेल्या असतात. त्या अतिनील-बी किरण बऱ्यापैकी अडवतात, पण अतिनील-ए त्यांतून बरेच आत येतात. उन्हामुळे ज्यांचा आजार बळावतो, उदाहरणार्थ ल्युपसचे किंवा झेरोडर्मा पिगमेंटोसमचे रुग्ण, त्यांना अमेरिकेतल्या अनेक राज्यांत डॉक्टरांच्या दाखल्यावर सवलत मिळते. भारतातल्या २०१२च्या निकालात अशी आजाराची सूट दिलेली नाही.

जाळ्या आणि पडदे? न्यायालयाचे शब्द फिल्मपुरते नाहीत, 'अन्य कुठलंही साहित्य' असे आहेत, त्यामुळे चालत्या गाडीत काचेला चिकटवलेली जाळीही अडचणीची ठरू शकते. उभ्या गाडीत पुढच्या काचेमागे चंदेरी सनशेड लावायला मात्र कोणाची हरकत नसते, आणि डॅशबोर्ड तापू नये म्हणून तोच सर्वांत कामाचा उपाय आहे.

जुनी गाडी घेताना

काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक खुणा कोरलेल्या असतात, त्या वाचायची सवय लावा. भारतीय काचेवर आयएसआय चिन्ह आणि २५५३ हा मानक क्रमांक असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या नियमावलीनुसार मंजूर झालेल्या काचेवर वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि एक आकडा असतो, आणि शेजारी '४३आर'. त्यातच रोमन पाच, म्हणजे 'व्ही'सारखी खूण दिसली, तर ती काच कारखान्यातूनच ७० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणारी आहे. मागची काच काळी दिसतेय पण फिल्मची कड कुठेच सापडत नाही, असं असेल तर ही खूण बघावी. ७० टक्क्यांखालची मागची काच भारतीय नियमात बसत नाही, मग ती रंगवलेली असो वा फिल्म लावलेली.

चारही काचांच्या खुणा पाहायला वेळ नसेल तर निदान दाराची काच निम्मी खाली करा आणि वरच्या कडेला बोट लावा. फिल्म असेल तर कडेच्या एक-दोन मिलिमीटर आधी ती संपलेली जाणवते. व्यवहार ठरण्याआधी ती विकणाऱ्याकडून काढून घ्यावी, कारण नंतर गाडी तुमच्या नावावर असते आणि चलनही.

काढताना घाई नको. हेअर ड्रायरने किंवा वाफेने फिल्म गरम केली की चिकटा सैल होतो आणि ती अख्खी सोलून निघते. थंड काचेवरून ओढली तर तुकडे पडतात आणि चिकटा मागे राहतो. मागच्या काचेवर दव घालवणाऱ्या तापकाच्या बारीक आडव्या तारा आतल्या बाजूने असतात. तिथे पात्याने खरवडलं तर तारा तुटतात आणि त्या दुरुस्त करणं फार कटकटीचं असतं. म्हणून त्या काचेवर पाणी आणि साबण मारून, गरम करत, तारांच्या दिशेनेच सावकाश सोलावं. उरलेला चिकटा पात्याने न खरवडता चिकटा काढायच्या द्रावणात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून काढावा.